खाडीवरची भिंत

लातूर, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय उजू,
जयभीम आणि मोठ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

हे फोनवर बोलता येत नाही, तुझे दाजी कान देऊन शेजारीच बसतात. शाळेत सिस्टर सांगायच्या ना, मत्सर वाटला की कागदावर लिहून देवाला द्यावा? तो देव आपला नव्हता, म्हणून तुला देते.

कोकणातल्या खाडीवरचं ते अर्धवट वीजघर पुरं करायचं की पाडायचं हे ठरवणाऱ्या समितीत तुझी लेक महामाया आहे, हे कळल्यापासून हे हवेत आहेत. भरतीच्या पाण्यावर वीज करायची म्हणून यांनी ती भिंत बांधायला घेतली, तेव्हा माझे केस काळेभोर होते. सरकारचा पैसा आटला, काम थांबलं, हे निवृत्त होऊन घरी आले. मन तिथेच राहिलं. स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी भरतीचं वेळापत्रक लावलंय. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या या गावात हे हातातला घास थांबवून सांगतात की आता तिकडे पाणी चढलं असेल. माझा वाढदिवस कधी असतो, विचार त्यांना!

एखादी बाई असती तर निदान तिच्या साडीला तरी नावं ठेवता आली असती. महामायेला सांग, मावशी म्हणते पाडून टाका. ती भिंत गेली की हा माणूस माझा होईल.

वाचून हा कागद फाडून टाक, मला मात्र मनातून टाकू नकोस.
तुझी,
तनू


नांदेड, १२ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

कागद फाडला नाही, तांदळाच्या डब्यात लपवला. तरी आमच्या मारोतरावांनी वाचलाच. भिंत हाय ती, बाई न्हाई, असं म्हणत दुकानात जाईपर्यंत हसत होते.

महामाया आधी हसली, मग एकदम साहेबीण झाली. समितीत आनंदराजकाका नि तनूमावशी कुणी नाही, म्हणाली. नातं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय आणि दाजींची भिंत तपासायचं काम दुसऱ्यांकडे दिलंय. जागा दाखवायला मात्र समितीने दाजींना बोलावलंय. गुडघे धरलेल्या माणसाला एकटं कसं पाठवणार? तू जा. एकदा त्या सवतीचं, भिंतीचं, तोंड तरी बघून ये.

आणि खरं सांगू ताई? मलाच तुझा हेवा वाटला. आमचे हे इतकी वर्षं देगलूर नाक्यावरच्या दुकानातून जेवायला घरी येतात. पण घास हातात धरून यांना कधी कशाची आठवण आली, असं मी पाहिलं नाही.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी,
उजू


लातूर, ९ सप्टेंबर २०२४

प्रिय उजू,
जयभीम. पोरीला माझा आशीर्वाद सांग, तुला या खेपेला नुसता धपाटा.

जाऊन आले. गोदावरीच्या घाटावर आपण करायचो तेच केलं. पाण्यापासून लांब कोरडी जागा बघून सतरंजी टाकली, चपला काढल्या, धपाट्यांचा डबा मधे ठेवला आणि समुद्राकडे पाठ करून तिच्याकडे बघत बसले. काळी, भरतीचं पाणी अडवायच्या गंजलेल्या दारांची, तरी देखणी गं! वर हे समितीला दारं दाखवत होते, तरण्या पोरासारखे हात हलवत. माझ्याशी बोलताना हे हात असे कधी हलले होते, ते आठवत राहिले.

सतरंजी भिजली तेव्हा उठले, तर तिन्ही बाजूंना पाणी. आणि वरून हाक आली, तनू! चारचौघांत यांनी मला नावाने कधीच हाक मारली नव्हती. समितीला बोलता बोलता तसंच सोडून, गुडघे विसरून हे पायऱ्या उतरले आणि पाण्यात शिरले. वर आणल्यावर केवढे रागावले! वेळापत्रक रोज डोळ्यांसमोर असून भरती कशी कळली नाही, म्हणून. मी सांगून टाकलं की सवतीची पत्रिका मी कशाला वाचेन? मग दोघंही ओल्या कपड्यांनी हसत बसलो. डबा वाहून गेला.

काल महामायेचा फोन होता. पाडणार नाहीत. उभी आहेत तेवढीच दारं दुरुस्त करून छोटं वीजघर करा, अशी शिफारस गेली. पुढचं काम नव्या इंजिनिअरांकडे. यांना आता कुणी बोलावणार नाही. ऐकून हे नुसते खिडकीशी जाऊन उभे राहिले. आणि मला त्या न पाहिलेल्या पोरांचा असा मत्सर वाटला, उजू! आमची भिंत त्यांना मिळणार.

आज जेवताना यांनी वेळापत्रकाकडे बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं की तनू, पाय वर घे. नळ कोरडाच होता. तरी दोघंही खुर्चीवर पाय घेऊन बसलो आणि तिकडचं पाणी उतरेपर्यंत सावकाश जेवलो.

हा कागद फाडू नकोस.
तुझी,
तनू