खुर्ची गरम हवी

३ फेब्रुवारी

आले एकदाची! तिसरा मजला, एक खिडकी, दोन पलंग आणि दार न लागणारं एक कपाट. पुठ्ठ्याची घडी घालून मी ते दार लावून दाखवलं, तर रूममेट टाळ्याच वाजवायला लागली. ती इथं चार वर्षं ऑडिशन देतेय आणि एवढा साधा उपाय तिला सुचला नव्हता! ती इतकी उंच आहे की झोपली की पावलं पलंगाबाहेर लोंबतात. सगळे तिला जिराफ म्हणतात, तूही तेच म्हण, असं तिनंच सांगितलं. आत्तापर्यंत तिला एका साबणाच्या जाहिरातीत काम मिळालंय, त्यातही फक्त हात दिसतो. हात मात्र सुंदर आहे, हे मान्य करायला हवं.

घरी फोन केला. ताईनं बजावलं की एक वर्ष दिलंय, नंतर नाटकं बंद आणि नोकरी. मग आईनं तिच्या हातून फोन हिसकावला. झोप नीट घे, नाहीतर कॅमेऱ्यात डोळे खोल गेलेले दिसतात, इथून तिनं सुरुवात केली ती थेट शेजारणीच्या मांजरीपर्यंत पोचली. आई एकदा बोलायला लागली की तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. उजवा गुडघा दुखतो म्हणून ती खुर्चीत डावीकडे कलून बसते, त्यामुळं सारखी कुणाला तरी गुपित सांगतेय असं वाटतं. फोनवरसुद्धा ती मला तशीच कललेली दिसली. छान वाटलं, आणि थोडं रडूही आलं.

९ फेब्रुवारी

बऱ्याच ऑडिशन झाल्या. बाहेरच्या बाकांवर माझ्याच वयाच्या, माझ्यासारखेच केस सोडलेल्या मुली भिंतीकडे बघून ओठ हलवत बसलेल्या असतात. नंबर आला की नाव सांगायचं, उंची सांगायची, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, हात पुढे-मागे करून दाखवायचे. एवढं निरखून मी कधी टोमॅटोही घेतलेले नाहीत. मग कॅमेऱ्याशेजारी कुणीतरी जांभया देत समोरच्या पात्राचे संवाद वाचतं आणि आपण त्याच्याकडे बघून जीव ओतायचा. शेवटी म्हणतात, कळवतो. या धंद्यात 'कळवतो'चा अर्थ काय, ते जिराफनं मला पहिल्याच दिवशी कळवलंय.

जिराफचं सगळं चांगलं आहे, फक्त तिला रडता येत नाही. आवाज रडतो, डोळे कोरडे ठणठणीत. मी लगेच गुरू होऊन बसले. तिला सांगितलं की समोर जांभया देणारा माणूस बघायचाच नाही, त्याच्या जागी आपलं माणूस बसवायचं. मी शाळेच्या नाटकापासून आईला बसवत आलेय. ती आता आपल्याला सोडून जाणार असं मनात आणलं की नळ सोडल्यासारखं पाणी येतं. जिराफनं विचारलं की तिनं कुणाला बसवायचं. आईवडील तिला आठवतसुद्धा नाहीत, ती वसतिगृहातच वाढली. सापडेल कुणीतरी, असं म्हणून मी चहा ठेवायला उठले.

१६ फेब्रुवारी

आज मोठं काम! सिनेमा, आणि तोही नायिकेचा रोल. कास्टिंग डायरेक्टर इतके मऊ बोलतात की ऐकायला पुढे वाकावं लागतं. दर वाक्याला ते हळू, अजून हळू, असं म्हणतात, म्हणून बाकावरच्या मुलींनी त्यांचं नाव हळूसर ठेवलंय.

त्यांच्याकडे समोरचे संवाद वाचायला माणूस नसतं. कॅमेऱ्याशेजारी एक लाकडी खुर्ची, तिच्यावर निळी मऊ गादी. सगळं त्या रिकाम्या खुर्चीशी बोलायचं. गोष्टीत एक मुलगी खूप वर्षांनी घरी परतते. पहिल्या प्रसंगात आई तिच्याशी एक शब्द बोलत नाही, दुसऱ्यात आईचा हात मुलीच्या हातून निसटतो, तिसऱ्यात निरोप. आज पहिला होता. मी आईला खुर्चीत बसवलं आणि बोल ना गं, एकदा तरी बोल, असं विनवत राहिले. माझीच मला कीव आली, इतकं खरं झालं.

संपल्यावर हळूसर उठले आणि त्यांनी खुर्चीच्या गादीवर तळहात ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला. गरम आहे, असं पुटपुटले आणि मला पुन्हा बोलावणार म्हणाले. कळवतो नव्हे, बोलावतो! जिराफच्या वेळी मात्र त्यांनी हात ठेवून लगेच उचलला म्हणे. या लाइनीत विक्षिप्त माणसांना तोटा नाही. मी जिन्यावरून उड्या मारत खाली आले.

१८ फेब्रुवारी

ताईचा फोन. आईचा घसा बसलाय, अगदी ठार. डॉक्टर म्हणाले, सूज वगैरे काही नाही, विश्रांती द्या. मी म्हटलं, शेजाऱ्यांनाही तेवढीच विश्रांती. ताई हसली नाही. आई मला काहीतरी सांगायला धडपडत होती म्हणे, फोनवर नुसता श्वास ऐकू आला.

२४ फेब्रुवारी

दुसरा प्रसंग झाला. नीट लिहिते, म्हणजे उद्या मला वेड लागलं असं मीच म्हणणार नाही.

गुडघ्यांवर बसून समोर हात पुढे करायचा आणि आईचा हात धरायचा होता. हवेतच धरायचा, अर्थात. मी आईला खुर्चीत आणलं. डोळ्यांत पाणी यायच्या आधीच गादी दबली. आधी मध्ये, मग डावीकडे. उजव्या गुडघ्यावर भार न देता कुणी बसावं तशी, डावीकडे. मी संवाद म्हणत राहिले. थांबले नाही, हे मला आत्ता जास्त भयंकर वाटतंय. आईच्या साबणाचा वास आला, तरी मी थांबले नाही. प्रसंग फार छान चालला होता.

हळूसरांनी गादीवर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. इतकं चांगलं काम त्यांनी पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं म्हणे.

२६ फेब्रुवारी

आईच्या हातून कप पडला. मग चमचा. उजव्या हातात जोरच नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, कशातच काही नाही.

ताई रडत होती. मला आठवत नाही, ताई याआधी कधी रडली होती. तिनं आणखी एक सांगितलं. परवा भर दुपारी, खोलीत एकही दिवा लावलेला नसताना, आईनं कशाबशा खुणा केल्या, की दिवे बंद करा, डोळ्यांवर येतायत. आणि मग समोरच्या कुणाचा तरी हात धरावा तसा हात पुढे केला.

परवा म्हणजे चोवीस. भर दुपारी मी गुडघ्यांवर बसले होते.

१ मार्च

रोल मला मिळाला.

हे वाक्य लिहायचं स्वप्न मी किती वर्षं बघितलं! दिवसभर कुणाला फोन केला नाही. आरशात बघत बसले. आईचा विचार मनात आला की उठून पाणी पीत होते. खरं सांगायचं तर आज मला रोल जास्त हवा होता. इथं तरी खोटं कशाला लिहू.

हळूसरांनी सांगितलं की निरोपाचा प्रसंग ऑडिशनला करायचा नसतो. तो शूटिंगलाच आणि एकदाच करायचा. शूटिंगची सुरुवात त्यानंच होणार आहे, अकरा तारखेला.

२ मार्च

हळूसरांकडे जाऊन आले. सगळं विचारलं. त्यांना नवल वाटलं नाही. उलट त्यांनीच मला विचारलं की कुणाला आणतेस हे तुला ठाऊक नव्हतं का. खुर्चीत कुणीतरी बसावंच लागतं म्हणाले, नाहीतर पडद्यावर सगळं खोटं दिसतं आणि लोकांना ते लगेच कळतं. ते कुणालाही धरून ठेवत नाहीत. ज्यानं बसवलं त्यानं काम सोडलं, की बसलेलं माणूस उठून जातं. फक्त त्यानंच सोडायला हवं. हे सगळं त्यांनी फार प्रेमानं सांगितलं.

घरी येऊन जिराफला सगळं सांगितलं. ती माझ्या पलंगावर पाय दुमडून बसली होती. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. माझ्या केसांवरून हात फिरवला. मग एकच विचारलं, की खुर्चीत आईच लागते, की जीव लावलेलं कुणीही चालतं.

कुणीही, मी म्हटलं.

३ मार्च

सोडला रोल. फोनवर सांगितलं. हळूसर बरं म्हणाले, अगदी हळू. मग पोटभर रडले. आईसाठी नाही, रोलसाठीच रडले. आता बरं वाटतंय.

माझ्या जागी त्यांनी जिराफला पुन्हा बोलावलंय. दोन्ही प्रसंगांसाठी, उद्याच.

४ मार्च

ताईचा फोन! आई बोलली! घोगरं, पण बोलली. पहिलं वाक्य शेजारणीच्या मांजरीबद्दल. कपही धरला. माझ्या जिवात जीव आला. आता काही नको, घरी जायचं, नोकरी करायची, ताईच्या शिव्या खायच्या. दहा तारखेचं तिकीट काढलं.

जिराफ संध्याकाळी आली. डोळे सुजलेले. चार वर्षांत पहिल्यांदा खरं रडू आलं म्हणे. रोल मिळाला. मी तिला मिठी मारली, तर तिनं मला इतकं घट्ट धरलं की श्वास कोंडला. पण माझ्याकडे बघितलं नाही. कुणाला बसवलंस विचारलं, तर दिवा घालवून झोपली.

६ मार्च

आवाज नाही.

सकाळी उठले आणि नाही. तोंड उघडते, नुसती हवा. सर्दी असेल. सर्दी नाहीये. मला ठाऊक आहे काय आहे ते.

चिठ्ठी लिहून जिराफसमोर धरली. तिनं वाचली. पुष्कळ वेळ वाचली. मग सांगितलं की तिला या जगात माझ्याशिवाय कुणीच नाही. कपाटाचं दार लावून दिलंस तेव्हापासून तू माझी आहेस, म्हणाली. म्हणून तर रडू आलं. ती खोटं बोलत नव्हती. तेच तर —

८ मार्च

डाव्या हातानं लिहितेय. उजवा गेला.

पुन्हा चिठ्ठी. काम सोड. तू सोडलंस की मी सुटते. पाया पडते.

रडली. हो म्हणाली. आधी शूटिंगचा एक दिवस होऊ दे, मग सोडते, म्हणाली. एकच दिवस. चार वर्षं थांबलेय गं मी, म्हणाली.

पहिला दिवस म्हणजे निरोप. मी मान हलवून हलवून — ती बघत होती माझ्याकडे. नीट बघत होती. कशी घाबरते, कशी रडते. पाठ करत होती मला.

१० मार्च

स्टेशनपर्यंत नाही जाता आलं. जिन्यातच पाय गळाले. वर कुणी आणलं? जिराफनं. पांघरूण घातलं. पाणी पाजलं. किती जपते —

ताईला कळवायला हवं. पेन मुठीत धरलंय, पण फोनवर अक्षरं दाबता येत नाहीत. बोटं —

११ मार्च

जिराफ गेली. पहाटे गाडी आली न्यायला. जाताना माझ्या कपाळावर हात ठेवला. गरम आहे, म्हणाली.

कपाटाचा पुठ्ठा पडला. दार उघडं.

फोन वाजला. कसाबसा घेतला. आई. केवढा मोठा आवाज तिचा! पूर्वीसारखा. तिकीट काढून आली का नाहीस, खाल्लंस का, गप्प का. बोल ना गं, म्हणते. एकदा तरी बोल.

आई, मी —

फोन खाली पडलाय. अजून बोलतेय ती. ऐकू येतंय. बंद करू नकोस, आई.

दिवे. खोलीत दिवा नाहीये आणि इतके दिवे. डोळ्यांवर —

पलंग कडक होता माझा. हे मऊ आहे. खाली मऊ, निळं —

समोर जिराफ. गुडघ्यांवर. खरं रडतेय. मी शिकवलं तसं. किती छान करतेय, किती —

हळू, म्हणतायत ते. अजून हळू. आईचा आवाज लांब गेला. मला तिला सांगायचंय की झोप नीट घेत होते, डोळे खोल नाही गे