शहाण्याची बारा पानं

प्रिय रंध्या,

तुला काय म्हणावं, लेका! वाचनालयातल्या त्या पुस्तकं वाचायच्या वर्गात आपल्या दोघांची नावं घातलीस तू, आणि मुलाकडे राहायला निघून गेलास तूच. मी अडकलो. तुझ्या त्या अडीचशे वर्षांपूर्वीच्या तत्त्ववेत्त्याने स्वतःचं आयुष्य बारा पानांत उरकलं; म्हटलं, माणूस आपल्यातला दिसतोय, मुद्द्याचं बोलून मोकळा होणारा. तू तर जाण्याआधीच ती वाचून काढलीस. पण आमच्या बाई! दोन महिने झाले, पाचवं पान उलटत नाही. एवढ्यात आपण अख्ख्या शाळेची बाकं करून दिली असती.

बाई म्हणतात, हे आत्मचरित्र साहित्य म्हणून वाचा. तो काय सांगतो यावर जाऊ नका, कसं सांगतो ते ऐका. मागच्या आठवड्यात कंटाळून मीच शेवटचं पान उघडलं. पोटाचा आजार आहे, बरा व्हायचा नाही, पण मी मजेत आहे, असं लिहितोय. म्हटलं, म्हणतोय ना, मग असेल मजेत! बाई हसल्या. म्हणाल्या, काका, आधीच्या पानांत पुस्तक खपलं नाही म्हणून कुरकुरणारा हाच माणूस मरणाशी येऊनच एवढा गुळगुळीत कसा झाला? मी तावातावाने उठलो, तर घडीची खुर्ची मिटली आणि मी जमिनीवर. सगळा वर्ग हसला. सांधा कुणी केलाय देव जाणे!

आणि परवा तुझा फोन. एरवी तुझा फोन म्हणजे तक्रारींची पेटी. जिना उंच, चहा पाणचट, मुलाने आणलेला सोफा म्हणजे निव्वळ पुठ्ठा. परवा सोफा झकास, चहा झकास, जिन्याने व्यायाम होतो. मध्येच, पोटात एक गाठ निघालीय, बघू. आणि लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी. मी हो-हो म्हणून फोन ठेवला आणि मग डोकं फिरलं. चाळीस वर्षं एका दुकानात काढलीत आपण. लाकडात भेग सापडली की तिच्यावर पॉलिशचा एक हात जास्त मारून शीळ घालत उभा राहणारा तूच ना?

तुझ्या सुनेला फोन केला. रडली पोरगी. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन केलं तर गाठ निघेल, आणि तू म्हणतोस नको, आयुष्य छान झालं, हसत जाऊ. अरे शहाण्या, त्या तत्त्ववेत्त्याच्या काळी इलाजच नव्हता! तो बिचारा हसला नसता तर करणार काय होता? आणि तू त्याचं शेवटचं पान नमुना म्हणून समोर ठेवून स्वतःला तासत बसलायस. बाई बरोबर होत्या, हे मला त्यांना सांगावं लागणार, याचा राग वेगळाच.

शनिवारच्या गाडीने येतोय. हसतमुखाने दार उघडलंस तर याद राख. चहाला नावं ठेव, सोफ्याला शिव्या दे, घाबरलोय म्हण. मग दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. अजून सात पानं उरलीत, आणि त्या दळभद्री खुर्च्यांवर मी एकटा बसणार नाही.

तुझाच,
अजून धुमसणारा भागीदार