सात पूर्वज आणि एक गोळी

बाबा,

तुम्ही बेचाळिशीत घोड्यावरून उतरता उतरता कोसळलात आणि सुटलात! मी रोज धावतो, कझाक असून मेंढीच्या शेपटीची चरबी तोंडाला लावत नाही, तरी कोलेस्टेरॉल आभाळाला भिडलेलं. चरबी ओरपणारा मेहुणा ठणठणीत; वर मलाच म्हणतो, "चोरून खात असाल, दाजी!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे घराण्यातून आलंय. मागचे कशानं गेले?" आपल्या कझाक रीतीप्रमाणे तुम्ही कान पिळून पाठ करून घेतलेली सात पूर्वजांची नावं मी धडाधड म्हटली. तुमच्या आधीचं कोण कशानं गेलं, ते मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. ही कसली रीत, बाबा?

काल तुमची नात अक्मारल तीच नावं घोकत होती. तुमच्या नावापाशी मी तिला अडवलं. "पुढे जोड, छातीत कळ येऊन गेले."

"मग पप्पा, तुमच्यापुढे काय जोडू?"

"गोळी घेतात, म्हण. आणि उद्या तुझंही रक्त तपासायचंय."

तुमचाच, रक्तानंसुद्धा,
येर्मुखान