शीलाच्या हातची ओटी

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.
दादा येऊन गेला. ओवाळलं. करंज्या मापात तळल्या होत्या, तरी थोड्या उरल्या. त्या सुभद्राच्या पोरींना दिल्या. सुभद्रा नवऱ्यासोबत उद्या ऊसतोडीला चालली. पोरी इथंच हंगामी वसतिगृहात राहतील. ते वसतिगृह शीलानं आमदार झाल्यावर भांडून भांडून आणलं. सुभद्रा म्हणाली, "ताईले मत द्याले मी नसन काकू. ट्रक थांबते का कोणासाठी?" शीलाची अशी किती मतं ट्रकात बसून गेली देव जाणे.
ती पुन्हा उभी आहे. लोक म्हणतात यंदा कठीण. मला वेगळीच धाकधूक. मागच्या निवडणुकीचा नवस अजून फिटला नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार.
लिहूनच टाकते. मागच्या मतमोजणीला दुपारी शीला मागं पडत चालली होती. मी मरीमायच्या निंबाखाली गेले अन् बोलून बसले, "शीलाला येऊ दे, ती स्वतःच्या हातानं तुझी ओटी भरील." आली निवडून. थोडक्यात आली, पण आली. मग लॉकडाऊन. मग ती मुंबईला. मग मला सांगायची लाज. दरवर्षी मी माझ्या हातानं ओटी भरते, पण कबूल केलेला हात माझा नव्हता.
शीला बौद्ध आहे, हे तेव्हा ध्यानात नाही आलं? खरंच नाही आलं. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. माझ्यापुरती ती शीला.
आज सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सोलायचा लसूण खाली ठेवला. "दुसरीचा हात बोलून आली तू? तिले विचारलं व्हतं?" हे ओसरीवरून म्हणाले, "मशीनवर मरीमायचं बटन आहे का पाहतो मी." मायलेक दोघंही हसले. मला हसू आलं नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार.
समोरच्या उमेदवारानं प्रचाराचा नारळ आमच्या मरीमायपुढं फोडला. गुलाल, स्पीकर, सभामंडप बांधून देण्याचं वचन. वर हे, की ती बाई देव मानत नाही, पुन्हा आली तर हे ठाणंही ठेवणार नाही. बायका माझ्याकडं पाहायला लागल्या. मी म्हटलं, "पाच वर्षं झाली तिले आमदार होऊन. ठाणं हाललं का? निंबाचं पान तरी तोडलं का कोणी?" मग शेजारची सिंधू म्हणाली, "हाललं नाई हे खरं. पण एकदा तरी पाया पडली का ते सांग."
यांना केनवडच्या बाजारातून खण आणायला सांगितला. हिरवा. नारळ घरचाच, तुळशीच्या लग्नासाठी आणलेला, दुसरा आणायचं काम नाही. सामान तयार असू द्यावं. शीलाला गाठायचं तेवढं बाकी.

११ नोव्हेंबर, सोमवार.
शीला आली! गाडी शाळेपाशी सोडून पायी, अन् मागच्या दारानं सरळ चुलीपाशी. घसा बसलेला. "कांते, चहा टाक. साखर तू मोजूनच टाकशीन, माहीत आहे मले." मी तांदूळ निवडत होते, तिनं ताट ओढून घेतलं. म्हटलं, आमदार आहेस, ठेव ते. म्हणे, "आमदाराले खडे दिसत नाही काय?"
चहा होईस्तोवर सांगून टाकलं. नवस, तिचा हात, सगळं. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. "अन् मी पाच वर्षं समजून राह्यली का मले लोकांनी निवडून देलं!"
मग खडे वेचता वेचता जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.
"माझा आजा याच मरीमायचा पुजारी व्हता, कांते. आषाढात तिचा गाडा शिवेपर्यंत तोच ओढे. दीक्षा घेऊन आला त्या दिवशी परडी, घंटी, हळदीची वाटी सारं निंबाखाली ठेवलं. हात धुतले अन् घरी आला. त्या साली गावात कोणाचं लेकरू गेलं तरी नाव आज्याचं. सारा गाव दारात उभा. विहीर बंद केली. तरी त्यानं परत उचललं नाई. त्यानं खाली ठेवलेलं मी हातात कशी घेऊ वं?"
मला हे ठाऊकच नव्हतं. एका गावात राहून. तरी हट्ट सोडवला नाही. म्हटलं, पहाटे जाऊ, कोणी पाहणार नाही.
"मी पाहीन न."
जाताना दोन्ही हातांनी माझे गाल ओढले, शाळेत ओढायची तसे. चहा अर्धा ठेवून गेली. तो मी प्याले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. कार्तिकी एकादशी.
उपास. भगर, दाण्याची आमटी. हरिपाठात मन लागलं नाही. रागावले आहे तिच्यावर. माझ्यासाठी एवढं करत नाही. पडली म्हणजे कळेल.
(हे वरचं खोडायला हवं. एकादशीच्या दिवशी काय लिहिलं मी.)
सासूबाईंनी तोड काढली. "तिनं निवडलेले तांदूळ हायेत न डब्यात? तेच टाक ओटीत. झाला तिचा हात." वकील व्हायचं सोडून आमच्या घरी पडल्या या. डबा उघडला, ओंजळभर काढलेही. परत टाकले. तिनं ते आमच्या भातासाठी निवडले होते. उद्या उपास सोडायला तेच शिजवते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.
सासूबाईंच्या कृपेनं नवसाची गोष्ट गावभर झाली. दुपारी गजूभाऊ आले. शीलाचा आमच्या भागातला प्रचार तेच पाहतात. पाणी पिऊन आवाज बारीक केला. "काकू, शेवटची बैठक निंबाखाली ठेवतो. ताईले एवढंच सांगतो का बायकांची बैठक हाय. तुमी ओटीचं ताट घेऊन उभ्या राहा. एवढ्या बायकांसमोर ताई ताट लोटणार नाई. फोटो निघाला का समोरच्याचं तोंड बंद. तुमचा नवस फिटला, आमची सीट आली."
खरं लिहिते, मला पटलं. हो म्हटलं. ते गेल्यावर पितळेचं ताट चिंच लावून घासलंसुद्धा.

१६ नोव्हेंबर, शनिवार.
सकाळी ओटी मांडून पाहिली. खण, नारळ, हळकुंड, सुपारी. छान दिसत होती. अन् एकदम शीलाचा आजा डोळ्यांपुढं आला. मी त्याला कधी पाहिलं नाही, तरी आला. दारात सारा गाव अन् मधात तो एकटा. आता निंबाखाली त्याची नात, भोवती सगळ्या बायका, अन् पुढं ताट घेऊन मी. तिच्या जिवाभावाची.
मला मरीमायला ओटी पोचवायची आहे. शीलाला कोंडून नाही.
गजूभाऊंना फोन केला. बैठक शाळेच्या पटांगणात ठेवा, मी ताट घेऊन उभी राहणार नाही. चिडले. "अन् मंग ताई पडल्या तर?" म्हटलं, तर माझ्या नवसानं पडल्या, तुमच्यावर बोल नाही. "मोठ्या देवभोळ्या म्हणता न सोताले! देवाचंच काम सांगून राह्यलो अन् तुमीच नाई म्हणता." फोन ठेवला.
ती पडली तर काय. पुन्हा पुन्हा तेच.

१८ नोव्हेंबर, सोमवार.
शेवटची बैठक, शाळेच्या पटांगणात. समोरच्यांच्या सभेला होती त्याहून गर्दी कमी. शीलानं वसतिगृहाचं सांगितलं, मुलींच्या बसचं सांगितलं, घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव चढवलं त्याचं सांगितलं. (आमच्या घरावर माझंही आहे, यांच्या नावाखाली. हे म्हणतात, आता भांडण झालं तर मलाच बाहेर जावं लागेल.) सोयाबीनच्या भावावरून माणसांनी तिला धारेवर धरलं. तेही ऐकून घेतलं.
मग सिंधू उठली. "ताई, एक सांगा. तुमी देव मानता का नाई?"
गजूभाऊंनी मागून खुणा केल्या, कसं तरी निभवा म्हणून. शीला म्हणाली, "नाही मानत, माय. खोटं कायले बोलू? तुमी मानता, तुमच्या देवाले माझ्याकडून धक्का लागणार नाई. इतकंच मले सांगता येते."
चार-पाच जणी उठून गेल्या. सिंधू गेली नाही. बसून राहिली, बोटाला पदर गुंडाळत. माझ्या मनात आलं, एक शब्द गोड बोलली असती तर काय बिघडलं असतं हिचं. अन् त्याच वेळी ऊर भरून आला. असं दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे.
नंतर शीला माझ्यापाशी आली. "अजून फुगलीच आहेस काय वं? पाणी तरी पाजशीन?" तांब्या दिला. सगळा रिकामा केला. ताटाचं काही सांगितलं नाही मी. गजूभाऊंनीही सांगितलेलं दिसत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार. मतदान.
अंघोळ करून आधी निंबाखाली. ओटी भरली. म्हटलं, "माय, हा माझाच हात आहे. तिचा आणू शकले नाही. आणता आला असता, फसवून, पण नाही आणला. जे माझं नव्हतं ते तुला कबूल करून बसले, ही चूक माझी. राग धरायचा तर माझ्यावर धर. तिच्या मतांवर काढू नको." पान पडलं नाही, कौल नाही, काही नाही. एक शेळी आली अन् फूल खाऊन गेली.
मग सासूबाईंना घेऊन केंद्रावर. त्या आत जाऊन मोठ्यानं, "कांता, शीलीचं बटन वरून कितवं वं?" अधिकारी ओरडले, आजी, इथं बोलायचं नसतं. "मंग कुठं बोलू? बटन तर इथंच हाय!" सगळी रांग हसली. समोरच्यांची माणसंही हसली. माझं मत दिलं. यंत्राचा आवाज लांबला तेवढा वेळ डोळे मिटून होते.

२३ नोव्हेंबर, शनिवार. मतमोजणी.
हे सकाळीच तालुक्याला गेले, तिथून फोनवर सांगत होते. शीला आधी पुढं, मग मागं, मग अगदी थोडी पुढं, आता पुन्हा मागं. यांच्या फोनची बॅटरी गेली असावी, लागत नाही.
सासूबाई म्हणाल्या, "मागच्या टायमाले गेली तशी जा. बोल काई तरी. अजून येळ हाय."
गेले. तिथं समोरच्यांच्या बायका आधीच. ओठ हलत होते, काय काय कबूल करत होत्या. मला पाहून सरकल्या अन् जागा दिली. सिंधूही होती, ती कोणासाठी आली होती विचारलं नाही. मी हात जोडले. सोमवार धरते म्हणावं, की चहातली साखर सोडते म्हणावं. माझं म्हणून काय आहे ते आठवत उभी राहिले. तोंडाशी आलं अन् आत गेलं. न बोलता परत आले.
सासूबाईंना हे पटलेलं नाही. "एवढी मैत्रीण अन् एक सबद निंघाला नाई तोंडातून?" शीलाला फोन करावा वाटतो, पण ती आज कोणाकोणाचे घेईल.
आता दोघी दारात बसलो आहोत. मी हे मांडीवर घेऊन लिहिते. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या, त्या एव्हाना झाल्या असतील. फाट्याकडून गाड्यांचा आवाज येतो आहे, पुष्कळ गाड्या. सासूबाई उठून उभ्या राहिल्या, कपाळावर हात धरून पाहतात.
"झेंडा कोणता दिसून राह्यला वं?"
धूळच दिसते अजून.