मेल फक्त अकराला आणि चारला

सावंगी, मंगळवार, ऑगस्ट २००६

ईमेल आजपासून केवळ अकराला आणि चारला उघडायचे, असे ठरवले. अन्यथा विद्यार्थ्यांसाठीचे पाठ्यपुस्तक पूर्ण होणे नाही. पूर्वी आर्वीच्या कार्यालयात टपाल दिवसातून एकदाच यायचे. सर्वांसमक्ष फोडले जाई, निम्मी उत्तरे चहावरच ठरत. किती सुरेख पद्धत!

दुपारी शेजारच्या खोलीतले वानखेडेबाबू दारात. "सर, मेल टाकला ना तुमाले! काऊन नाई पाह्यला?"

"चारला पाहीन."

"मंग मी एवढा टाइप कायले केला?"

"बसा, तोंडीच सांगा."

परीक्षेचे वेळापत्रक लगेच ठरले. मग चहा, गप्पा... अगदी आर्वीसारख्या. पुस्तकाची मात्र एक ओळही झाली नाही. उद्या दारही लावून घ्यावे लागेल. लावेन का? वाटत नाही.