दर्यात पडलेलं लोखंड

कुरोसे बेट
१२ नोव्हेंबर

चि. तोकुजी यास ताईचे अ. उ. आ.

टीव्हीवर पाहिलंच असशील. तरी माझ्या हातचं वाच, कारण टीव्हीवाले पोचले तोवर सगळं झाकून झालं होतं.

काल दुपारी मी धक्क्यावर जाळी धूत होते. परक्या सैन्याच्या तळावरचं ते पंख कलवणारं विमान नेहमीसारखं खाडीवर आलं. हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली उतरायचं म्हणून पंखांच्या टोकांचे पंखे वर वळवायला लागलं आणि डावीकडून जाळ निघाला. जरा वेळ ते तसंच लटकून राहिलं. मग उताणं झालं. उताणं, तोकुजी, मेलेल्या माशासारखं, आणि तसंच पाण्यावर आपटलं. तेल पसरलं आणि पाणीच पेटलं. आत माणसं होती. त्यांचं ओरडणं धक्क्यापर्यंत येत होतं आणि मी हातात जाळं धरून नुसती उभी.

ह्यांची होडी आणि आणखी दोन होड्या तशाच आगीत शिरल्या. ह्यांनी दोघांना काढलं. पहिल्याला हाताला धरून ओढलं, तर हाताची कातडी मोज्यासारखी ह्यांच्या मुठीत आली. दुसरा जिवंत होता. त्याचा अर्धा चेहरा जागेवर होता, अर्धा नव्हता. धक्का येईपर्यंत तो आईला हाका मारत होता. आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी तेवढं कळतं. होडी धक्क्याला लागली आणि तो गप्प झाला.

दर्यातून काढलेला माणूस म्हणजे पाहुणा आलेला देव, त्याला होडीच्या डाव्या अंगाने वर घ्यायचं, भाताचा घास दाखवायचा आणि मगच पाठवायचं, हे तू शहरात राहून विसरला नसशील अशी आशा आहे. ह्यांनी दोघांच्या ओठांना साकेची दारू लावली. मी भात आणायला धावले. परत येते तो तळावरच्या शिपायांनी ह्यांना ढकलून प्रेतं मासळीच्या खोक्यांसारखी फरफटत काढली होती. ह्यांचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. इवाओ माएगावा हा माणूस एरवी बायकोपुढेही, म्हणजे माझ्यापुढेही, तोंड उघडत नाही, पण त्याने वल्हं उचललं आणि एकाच्या खांद्यावर घातलं. मग चौघांनी मिळून ह्यांना पाडलं आणि तोंडावर बूट मारले. पुढचे दात गेले. आपला पोलीस तिथेच उभा राहून लोकांना अडवायची दोरी बांधत होता.

दात गेले तर गेले. माझा जीव दुसरीकडेच अडकला आहे. माझा सेइया आपल्या सैन्यात ह्याच जातीच्या विमानात बसतो. फोनवर म्हणाला की सध्या विमानं उभी ठेवली आहेत, चौकशी झाली की पुन्हा उडायचं. असल्या अपघातांच्या नोंदी करणाऱ्या दफ्तरात तू इतकी वर्षं बसला आहेस. तुझा भाचा एकुलता एक आहे, मला दुसरा नाही. माझ्या पोराने त्यात बसावं का, ते सांग. माया आहे ती उत्तरात दिसू दे.

तुझी
मिसाओताई


फुकुओका
२० नोव्हेंबर

ती. ताईस तोकुजीचे सा. न. वि. वि.

दाजींच्या दातांचं वाचून फार वाईट वाटलं. बेटावरच्या त्या डॉक्टरकडे मात्र नेऊ नकोस, त्याचा हात फक्त कोंबड्यांवर चांगला आहे. इकडे घेऊन ये. वल्हं मारल्याचं प्रकरण मी इथून मिटवतो. अट एकच, दाजींनी पेपरवाल्यांशी बोलायचं नाही. ते असेही बोलत नाहीत म्हणा.

आमच्याकडे ह्या घटनेला ‘विमान पाण्यावर उतरवलं’ असं लिहायचं ठरलं आहे. तू शिव्या घालशील हे गृहीत धरून सांगतो आहे.

सेइयाची काळजी करू नकोस. ह्या विमानाचे सगळे अपघात माझ्या टेबलावरून गेले आहेत. एक वाळवंटात नाक खुपसून पडलं, ती धूळ होती. एक डोंगरावर आपटलं, वैमानिक फार खाली आला होता. एकाचा पंख जहाजाच्या कठड्याला लागला, ती लाट होती. दरवेळी कारण निराळं निघालं आणि दरवेळी विमान निर्दोष ठरलं. तेव्हा निश्चिंत राहा. अशा गोष्टी फोनवर मात्र काढू नकोस. तुझ्या मायेची सावली आमच्यावर अशीच राहो.

तुझा
तोकुजी


कुरोसे बेट
१८ डिसेंबर

चि. तोकुजी यास अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ‘उतरवलं’ हे ऐकून हे हसले. दात नसताना हसणं बरं दिसत नाही.

खाडीत मासळी राहिलेली नाही. दर्यातल्या देवाला लोखंड खपत नाही. आपल्या हातून साधा सुरा पाण्यात पडला तरी त्याचं चित्र लाकडी पाटीवर काढून देवळात टांगायचं आणि माफी मागायची, ही आपली रीत. इथे तर अख्खं विमान पडलं. ज्यांनी पाडलं ते माफी मागणार नाहीत, म्हणून सगळ्या होड्यांनी आपसात वाटून घेतलं. जाळ्यात जे जे आलं, शिपाई हिसकावून नेण्याआधी ज्याने जे पाहिलं, ते त्याने रंगवायचं. देवळाची भिंत भरली आहे. खुर्ची, पंख्याचं पातं, बूट. ह्यांनी एक दातेरी चाक रंगवलं, ह्यांच्या जाळ्यात आलेलं. त्याचे एका बाजूचे दाते तुटलेले. म्हटलं, स्वतःच्या तोंडाचं चित्र काढलंत की काय.

मी थट्टा केली खरी, पण गेल्या आठवड्यात सेइया रजेवर आला, देवळात गेला आणि त्या पाटीसमोर पांढराफटक पडला. घरी आल्यावर मी भाजलेलं माकूळ पुढे ठेवलं, त्याला त्याने हात लावला नाही. मग बोलला. त्यांच्या विमानात एक दिवा आहे. आतली दातेरी चाकं झिजून धातूचा कीस तेलात उतरला की तो लागतो. बटण दाबलं की कीस जळून जातो आणि दिवा विझतो. पुन्हा लागला तर पुन्हा दाबायचं आणि पुढे जायचं, असं शिकवलं आहे. उन्हाळ्यापासून त्याच्या विमानात तो दिवा लागतो आहे.

तो म्हणाला की मामाने सगळे कागद वाचलेले असतात. मामा बस म्हणाला तर बसेन, नको म्हणाला तर नाही. तेव्हा आता धूळ, लाट, वारा काही सांगू नकोस. हो किंवा नाही लिही. ह्या घरावर तुझा जीव आहे ना, मग लिही.

तुझी
ताई


फुकुओका
२७ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

नाही. बसू देऊ नकोस.

वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल. ते चाक मी ओळखतो. वाळवंटातल्या अपघातात ते होतं, डोंगरावरच्याही होतं. कागद माझ्याकडे येतात तेव्हा त्यात चाकाची पानं असतात, पुढे जातात तेव्हा नसतात. दोष द्यायला उरतो तो वैमानिक, आणि तो मेलेला असतो, त्यामुळे तो काही बोलत नाही. त्या पानांसोबत फोटोही येतात. मागच्या बाकांवर पट्ट्यांनी बांधलेले शिपाई बसल्या जागी जळालेले, एकमेकांना चिकटलेले, कोणता हात कोणाचा ते कळत नाही. एकाने पट्टा दातांनी तोडायचा प्रयत्न केला होता. पट्टा दातांतच राहिला होता. हे फोटो पाहून मी जेवायला जातो आणि संध्याकाळी घरी येऊन लेकीचा अभ्यास घेतो.

सेइयाला म्हणावं कान दुखतो सांग, पाठ दुखते सांग, काय वाटेल ते सांग. नोकरी गेली तर मी बघतो. मागच्या पत्राबद्दल रागव, पण मला तोडू नकोस.

तुझा
तोकुजी


कुरोसे बेट
१९ फेब्रुवारी

चि. तोकुजी यास आशीर्वाद.

सेइया जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण बातमी कळल्यावर तुझंही काळीज थांबलं असेल.

तुझं पत्र वाचलं होतं, म्हणून विमानं पुन्हा उडू लागली तसं त्याने कान दुखतो म्हणून सांगितलं. डॉक्टरने त्याला खाली ठेवलं. त्याच्या जागी योशिकी मोरिवाकी बसला. हा सेइयाचा सोबती योशिकी मागे आपल्याकडे जेवायला आला होता आणि ह्यांच्याशी पैजेवर साके प्यायला होता, मी तुला त्याचं सांगितलं होतं. विमान देवदारांच्या जंगलात पडलं. पडण्याआधी दिवा लागल्याचं त्यांनी कळवलं होतं म्हणे.

अवशेष गोळा करायला पाठवलेल्या तुकडीत सेइया होता. झाडांवर माणसांचे तुकडे लोंबत होते, ते काठीने पाडून पिशव्यांत भरायचे. योशिकीचा बूट त्यालाच सापडला. पाय आत होता. रात्रीच्या पहाऱ्याच्या वेळी त्या दोघांनी एकमेकांच्या बुटांवर खडूने वेडीवाकडी तोंडं काढली होती, त्यावरून त्याने ओळखला. घरी आल्यावर त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं. ह्यांनी मागून मिठी मारून धरलं तेव्हा थांबला. भिंतीवरचं रक्त मी पुसलं.

मग म्हणाला, योशिकीच्या आईकडे जायचं. मी सोबत गेले. तोमोए तिचं नाव, स्टेशनाजवळ छोटं नूडलचं दुकान चालवते. सेइयाने दारातच जमिनीला कपाळ टेकलं आणि सांगितलं की ती जागा माझी होती. तिने हातातली पळी त्याच्या पाठीत घातली. पुन्हा घातली. उकळत्या पाण्यातली पळी. मी मध्ये पडले तर माझ्या तोंडात मारली. मला राग आला नाही. खरं सांगू, तो मार खात होता तेव्हा मला आनंद होत होता, कारण पाठ माझ्या पोराची होती आणि ती गरम होती. ही गोष्ट मी तुझ्याशिवाय कोणाला सांगू शकत नाही.

दमल्यावर ती खाली बसली. सेइयाला विचारलं की बसू नको म्हणून तुला कोणी सांगितलं. त्याने तुझं नाव सांगितलं. मामा काय करतो, तेही सांगितलं.

मग तिने मला विचारलं, अगदी हळू आवाजात, की तुमच्या भावाने मला का नाही कळवलं.

तुझं पत्र मी चुलीत घातलं होतं, तू म्हणालास म्हणून. ते असतं तरी तिच्यापुढे ठेवायची माझी हिंमत झाली नसती. त्या पत्रात फक्त सेइयाचं नाव होतं, तोकुजी. मीही वाचताना फक्त तेवढंच पाहिलं. पोरगं वाचलं म्हणून देवाला नमस्कार केला आणि त्या रिकाम्या जागेवर कोण बसेल, हा विचार माझ्या मनात आलाच नाही. तुझ्या मनात आला होता का?

ह्याचं उत्तर मला पाठवू नकोस. माझी माया तुझ्यावर आहे, ती कुठे जात नाही. पण मला पत्र नंतर लिही. आधी तिला लिही. चाकाचं लिही, दिव्याचं लिही, तू काढून ठेवलेल्या पानांचं लिही. खाली तुझं पूर्ण नाव आणि हुद्दा घाल. आणखी आया आहेत, त्यांचे पत्ते तुझ्या दफ्तरात असतील.

तिचा पत्ता दुकानाचाच आहे. मोरिवाकी नूडल, स्टेशनासमोर, मियानोसे. दुकान तिने परवापासून पुन्हा उघडलं आहे.

तुझी
मिसाओताई