नानांच्या पिकअपला अख्खा अ‍ॅक्सल

३ जानेवारी १९९३, धुळे
वडील, म्हणजे नाना, गेले त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. श्राद्ध पिंपळनेरकडच्या आमच्या गावी. आईला नानांच्याच पिकअपमधून नेणार, थेट दारापर्यंत. गावाजवळच्या नाल्यात पुढची दोन चाकं वेगवेगळी धरणारे सुटे आर्म टिकणार नाहीत. म्हणून पुढे जीपचा अख्खा अ‍ॅक्सल. उंची दोन बोटं वाढेल. आईचे गुडघे दुखतात, त्याहून जास्त नको. मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन आहे, ड्रॉइंग स्वतःच केलं. पंधरवड्याचं काम.

२४ जानेवारी
पाचोऱ्याच्या भंगारातून अ‍ॅक्सल आज आला. अभिमन मिस्त्री माझ्या ड्रॉइंगवर चहाचा कप ठेवून म्हणाला, भाऊ, बठ्ठं व्हई जाई. म्हणजे सगळं होऊन जाईल. ड्रॉइंग पाहिलं की नाही, कळलं नाही. उद्या स्पष्ट बोलणार.

२५ जानेवारी
बोललो नाही. तो वेल्डिंग करत होता.

७ फेब्रुवारी
गाडी उभी राहिली. जरा जास्तच. जीपच्या स्प्रिंगचे पाटे मिळाले नाहीत म्हणून अभिमनने ट्रकचे टाकले. वीतभर उंच. टपरीवाला विचारतो, भाऊ, शिडी कुठे? अभिमन म्हणतो, वजन पडलं की बसेल. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

९ फेब्रुवारी
बसली नाही. आईने एक पाय वर ठेवला, माझ्याकडे पाहिलं, पाय खाली घेतला. म्हणाली, मी एस्टीने जाते. मी म्हणालो, नानांनी जाऊ दिलं असतं का? नको होतं म्हणायला. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

१३ फेब्रुवारी
पाटे कमी करवले. उंची बरोबर दोन बोटं! आई चढली. फक्त अ‍ॅक्सल आता इंजिनाच्या ऑइल चेंबरला लागायला आला आहे. अभिमन म्हणतो, सावकाश चालवा. मी सावकाशच चालवतो.

१६ फेब्रुवारी, गावी
नाल्यातल्या पहिल्याच दगडावर अ‍ॅक्सल चेंबरवर आदळला. ऑइल सगळं वाळूत. आई उतरली. म्हणाली, तुझे नाना गाडी अलीकडेच चिंचेखाली लावायचे. पुढे आम्ही चालत जायचो, बसत-उठत. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पिशवी घेऊन निघाली.

मी गळती थांबवायला चेंबरच्या भेगेत साबण दाबत बसलो. आमच्याकडे मुलाने निखाऱ्यावर आगारी टाकल्याशिवाय, म्हणजे पितरांचा घास दिल्याशिवाय, कोणी जेवत नाही. बहिणीने, सुगंधाअक्काने, दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा सांगितलं, झालंच.

झालं नाही. ऊन कलल्यावर चालत पोचलो. पंगत रिकाम्या पत्रावळींसमोर बसलेली. एक म्हातारा म्हणाला, उना का इंजिनेर? आला का, म्हणून. साबण भेगेत संपला होता. राखेने हात घासले, तरी काळेच. तसाच तुपाचा घास निखाऱ्यावर सोडला.

आई धुराकडे बघत नानांना म्हणाली, पोऱ्या उना. हात काया शेतस, पन पोऱ्या आपलाच शे.